क्रिस्टिनाने भाव पाडला

क्रिस्टिना आणि बेला या सख्ख्या जावा. पाचूबंदरच्या एकाच आळीत समोरासमोर राहायच्या आणि सासू गेल्यापासून एकमेकींशी फक्त वाईट बोलायच्या. चांगलं काही सांगायची वेळ आली, तर मध्ये तिसऱ्या कुणाला तरी घालायच्या.

मे महिना सरत आला होता. घराघरांत सुक्या बोंबलांच्या गोण्यांची थप्पी लागली होती. मासेमारीच्या बंदीत होड्या किनाऱ्यावर आल्या की याच गोण्यांवर पावसाळा निघायचा. मासळी विकणं बायकांचं, पैसा सांभाळणंही त्यांचंच, त्यामुळे नियमही त्यांनीच केलेला. रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर आळीतल्या क्रुसापाशी जमून भाव ठरवायचा आणि जूनअखेरच्या सेंट पीटरच्या सणापर्यंत त्याच्या खाली कुणी उतरायचं नाही. हा नियम सगळ्यांत मोठ्याने ऐकवायची ती क्रिस्टिना.

तिचा मुलगा रायन जहाजावर नोकरीला होता. पगार डॉलरमध्ये, तो तिकडच्याच खात्यात साठत होता. त्यातून यंदा एव्हरशाईन सिटीत फ्लॅट घ्यायचा ठरला होता. क्रिस्टिनाला ना लिफ्टची हौस होती, ना गॅलरीची. सकाळी दार उघडल्यावर बेलाचं तोंड दिसू नये, एवढ्यासाठी तिला तो फ्लॅट हवा होता.

एका दुपारी रायनचा व्हिडिओ कॉल आला.

"मम्मी, इथे सगळ्यांचं एकच चाललंय. बाहेरच्या देशांच्या सरकारांनी डॉलरचे ढीग साठवून ठेवलेत. अमेरिकेवर चिडून त्यांनी ते विकले तर डॉलर आपटेल. मी माझे आत्ताच विकून टाकू?"

क्रिस्टिना बोंबील निवडत होती. तिने मान वर केली नाही. "त्यांच्याकडं ढीग हाय ना? मग ते नाय विकनार."

"चिडले तरी?"

"अरे, पयली गोनी सस्त्यात काढली की मागच्या सगळ्या गोन्या सस्त्या होतात. स्वतःच्या मालाची माती कोन करील? राग तोंडानं काढायचा, मालानं नाय."

रायन हसला. शाळेतल्या कुठल्याही सरांपेक्षा मम्मीच्या बाजारातल्या अकलेवर त्याचा जास्त भरवसा होता. त्याने डॉलर तसेच ठेवले.

पुढच्याच आठवड्यात व्यापारी आला. दरवर्षी तो क्रिस्टिनाच्या गोणीपासून सुरुवात करायचा. या वेळी त्याने एक बोंबील उचलला, मोडला आणि तुकडा दाताखाली धरून बघितला.

"काय बघता?" क्रिस्टिनाने विचारलं.

"वाळू लागते म्हणे यंदा."

क्रिस्टिनाच्या अंगाचा तिळपापड झाला. जबड्यात जबडा अडकवून तिने एकेक जोडी दोरीवर टांगली होती, बोंबलांच्या दातांनी तिची बोटं सोलली होती. जमिनीला तिने शेपूटसुद्धा टेकू दिली नव्हती. "कोन बोललं?"

व्यापाऱ्याची नजर समोरच्या दाराकडे गेली. दारात बेला उभीच होती.

"मी बोलले," बेला म्हणाली. "वाळूत लोळवलेला माल, आनि क्रुसापाशी केवढा तो आवाज. लोकांना कळाय नको?"

व्यापारी त्या दिवशी बेलाकडून माल घेऊन गेला. क्रिस्टिनाच्या गोणीला त्याने परत हात लावला नाही.

बेलाला होडीचं इंजिन बदलायचं होतं आणि तिचा बराचसा माल अजून घरातच होता, हे आळीत सगळ्यांना ठाऊक होतं. क्रिस्टिनाला तर रात्रभर दुसरं काही सुचलंच नाही. सकाळी तिने टेम्पो बोलावला. नवरा मायकल गोणीला हात घालून उभा राहिला. "अगं, भाव पडला तर आपलाबी पडंल."

"तू होडी बघ. माल माझा हाय."

वसईच्या बाजारात तिने निम्म्या भावाने बोंबील काढले आणि आपला पाचूबंदरचा माल याच भावाने मिळतो, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला ओरडून सांगितलं. सेंट पीटरचा सण अजून लांब होता. दुपारपर्यंत टेम्पो रिकामा झाला आणि संध्याकाळी व्यापारी आळीत येऊन प्रत्येक दारात तोच भाव मागू लागले. बेलाच्या गोण्यांची माती झाली. आळीतल्या बाकीच्या बायकांचीही झाली. क्रिस्टिनाच्या घरात उरलेल्या गोण्यांनाही आता तोच भाव होता.

रविवारी क्रुसापाशी तिला कुणी जागा दिली नाही. ती मागे एकटी उभी राहिली. बेलाचे डोळे सुजलेले दिसत होते. ते बघून क्रिस्टिनाच्या काळजाला गार वाटलं, इतकं गार वाटलं की आपण कशापायी उभ्या आहोत तेच ती क्षणभर विसरली.

त्याच दुपारी रायनचा फोन आला.

"मम्मी, परवा बेला काकीचा फोन आला होता. रडत होती. खरंच तू निम्म्या भावाने माल काढलास?"

"काढला."

"बंदीत घर कशावर चालणार?"

क्रिस्टिनाने कोपऱ्यातल्या उरलेल्या गोण्यांकडे पाहिलं.

"आता वाईट वाटतंय का?"

तिने खरं तेच सांगितलं. "नाय. उद्या परत काढीन."

 रायन म्हणाला, "वाटलंच होतं. म्हणून मी परवाच सगळे डॉलर विकले. तू रागात विकू शकतेस, तर कुठलंही सरकार विकेल. बंदीपुरते पैसे घरी पाठवतो, आळीतल्या बायकांचं जे नुकसान झालं तेही त्यातूनच भरून दे. फ्लॅटचं पुढे कधीतरी बघू."

"बेलाचंबी भरायचं?"

"तिचं आधी."

फोन ठेवून क्रिस्टिनाने दार उघडलं. समोर उंबऱ्यावर बेला बसली होती आणि आता कितीतरी वर्षं ती तिथेच बसलेली दिसणार होती.