शीतगृहाच्या दारावरची दहा लाख नऊ

मी एक जुनी संख्या आहे. दहा लाख नऊ. शीतगृहाच्या जाड लोखंडी दारावर मला लाल रंगात लिहिले आहे: १०००००९. मित्रांनो, एवढी मोठी संख्या कुणाला कशाला भिईल, असे तुम्हाला वाटेल. पण माझा सारा जन्म धास्तीत गेला.

भीती भागाकाराची. दोन मूळ संख्यांच्या गुणाकारातून मी जन्मले, आणि त्या दोन संख्या म्हणजेच या दाराच्या कुलपाचे आकडे. कुलूप बाबांनी स्वतः बनवले. एक आकडा थोरल्या मुलीला सांगितला, दुसरा धाकटीला, म्हणजे आत कुणी एकटे जाणार नाही. आकडे बरोबर आठवतात का, ते गुणून पाहता यावे म्हणून मला दारावर रंगवले.

सफरचंदे घ्यायला आलेल्या एका मास्तरांनी मला सातने भागून पाहिले, अकराने, तेराने. प्रत्येक वेळी माझ्या काळजाचे पाणी झाले आणि प्रत्येक वेळी बाकी उरली. "भलतीच चिवट आहे हो," ते म्हणाले. बाबांची छाती फुगली. पुढे माझे कौतुक आटले. दाराची आतली मूठ तुटली, तीही कुणी बसवली नाही.

एका दुपारी बाबा दाराला पेटी लावून एकटेच आत गेले. पेटी सरकली, दार धाडकन लागले आणि कुलूप पडले. आतून थापा येऊ लागल्या, पण जाड दारातून बाबांचा शब्द काही कळेना. धाकटी धावत आली, मागोमाग आई. थोरली माल घेऊन लांबच्या बाजारात गेली होती.

"ताई फोनच उचलत नाहीये."

"मग तू उघड ना!"

"माझ्या एकटीच्या आकड्याने नाही उघडत गं, आई."

थापा मंदावल्या. मी थिजून गेले. पोरी, भाग मला, असे ओरडावेसे वाटले, पण संख्येला तोंड कुठले?

धाकटीने माझ्याकडे पाहिले. "दोन्ही आकडे गुणून हीच येते ना? मग हिला माझ्या आकड्याने भागते."

दारावर साचलेल्या दवात तिने बोटाने दोनशे त्र्याण्णव लिहिले. भाग लागला तिनाचा, मग चाराचा, मग एकाचा. शेवटी उरले आठशे एकोणऐंशी. त्यालाही तिनाचा भाग लागला. बाकी शून्य. जन्मभर याच शून्याला मी भ्याले होते. तीन हजार चारशे तेरा. दार उघडले.

बाबांचे ओठ निळे पडले होते. "ताईचा आकडा कुणी सांगितला तुला?"

"तुम्हीच. दारावर लिहून ठेवलाय की."

बाबांनी वळून माझ्याकडे पाहिले. इतक्या वर्षांत हे त्यांच्या ध्यानातच आले नव्हते.

मित्रांनो, भागाकाराची भीती गेली, पण आता दुसरीच लागली आहे. माझ्या शेवटच्या नवाचे पोपडे निघू लागले आहेत. तो गळला, तर मी नुसती एक लाख उरेन, आणि एक लाखाला कितीही भागले तरी ताईचा आकडा निघायचा नाही. मूठ उद्या बसवतो असे बाबा रोज म्हणतात, आणि अजूनही एकटेच आत जातात. तेव्हा कुणीतरी रंगाचा डबा आणा आणि एवढा नऊ गिरवून द्या.