गाडी काय म्हणते?

“एकच टक्, की टक्टक्टक्?” हे फोनात ओरडत होते.

पलीकडचा माणूस गाडीचा आवाज तोंडाने काढून दाखवत असावा, कारण ह्यांचा चेहरा प्रश्न न समजलेल्या परीक्षार्थीसारखा झाला होता. मी हात पुसले, ह्यांच्या डाव्या बाजूला जाऊन फोनचा स्पीकर लावला, नीट ऐकलं आणि ओट्यावर चमचा आपटला. एकदाच.

“एकच ना? मग बॅटरीला शिव्या देऊ नका, स्टार्टर गेलाय,” हे म्हणाले. फोन ठेवला आणि माझ्याकडे न बघता चहाचा कप उचलला. आभार वगैरे मानायची आमच्याकडे पद्धत नाही.

आमचे हे एकतीस वर्षं एकाच गॅरेजमध्ये बिघाड ओळखायच्या कामावर आहेत. गाडी उघडून दुरुस्त करणारे हात दुसरे. काय बिघडलंय ते मात्र ह्यांनी सांगायचं, फाटकाजवळच्या लोखंडी स्टुलावर बसून. गिऱ्हाईक आलं की पहिला प्रश्न ठरलेला, “गाडी काय म्हणते?” गाडी बोलते, माणसं ऐकत नाहीत, असं ह्यांचं मत. टक्टक्टक् म्हणाली तर बॅटरी उतरली. एकदाच टक् करून रुसली तर स्टार्टर. घर्र घर्र फिरते पण पेटत नाही, तर पेट्रोल पोचत नाही किंवा ठिणगी पडत नाही. जेवताना हेच ऐकत माझे केस पांढरे झाले. इतर बायकांना नवऱ्याचं घोरणं पाठ असतं, मला स्टार्टरचं.

आणि अशा माणसाचा कान गेला. उजवा पुरता, डावा अर्धामुर्धा, त्यातही बारीक आवाज अजिबात नाही. यंत्र लावा म्हटलं तर उत्तर तयार, “मला काय धाड भरलीय? तूच पुटपुटतेस हल्ली.” घरी आलेल्या फोनांना माझा चमचा होता. गॅरेजमध्ये हे बॉनेटवर तळहात ठेवून थरथर ओळखायचे, दिव्यांकडे बघायचे, गिऱ्हाइकाला चार प्रश्न जास्त विचारायचे. दोन वर्षं असं निभावलं. झाकली मूठ सव्वा लाखाची.

मग मालकांनी गाडीला लॅपटॉप जोडून बिघाड वाचणारा एक लॅपटॉपवाला आणला. माणूस वाईट नव्हता, पण छत्री उघडेना तरी आधी वायर जोडून बघेल असा. मालक ह्यांना म्हणाले, “आता हायब्रीड गाड्या यायला लागल्यात, पेट्रोलबरोबर बॅटरीवरपण चालणाऱ्या. त्या बोलतच नाहीत. एक तारखेपासून बिघाड हा ओळखेल, तुम्ही पार्ट्सच्या खिडकीत बसा. सावली आहे तिथे.” त्या दिवशी डबा जसाच्या तसा घरी परत आला. पार्ट्सच्या खिडकीत बसून नट-बोल्ट मोजून देणं म्हणजे ह्यांच्यासाठी जिवंतपणी भिंतीवर फोटो लागण्यासारखंच होतं.

एक तारखेला चार दिवस होते. मी दुपारी डबा घेऊन गेले, तर एका हायब्रीड गाडीभोवती सगळे जमलेले. गाडी एका नर्सबाईंची. टो करून आणलेली.

“मोठी बॅटरी गेलीय,” लॅपटॉपवाला म्हणाला. “स्क्रीन बघा, सगळे फॉल्ट हायब्रीडचेच आहेत. बदलावी लागेल.”

नर्सबाईंचा चेहरा पडला. मालकांनी मान डोलावली. ह्यांच्याकडे कोणी बघितलंसुद्धा नाही.

“मी एकदा बसू का आत?” ह्यांनी विचारलं.

“बसा की,” मालक हसले. “पण ती काही बोलायची नाही.”

हे आत बसले. ब्रेकवर पाय ठेवून बटण दाबलं. समोरचे दिवे लुकलुकले आणि विझले. बाकीचे आपापसात बोलत होते. मी दाराजवळ होते, म्हणून मला ऐकू आलं. कुठूनतरी आतून, मनगटी घड्याळ घाईला आल्यासारखं, अगदी बारीक टक्टक्टक्टक्.

ह्यांनी काचेतून माझ्याकडे पाहिलं. मी डब्याच्या झाकणावर नखाने वाजवून दाखवलं. भराभर.

ह्यांच्या मिशीचं एक टोक हललं. एकतीस वर्षांत ते टोक चुकीच्या वेळी हललेलं मी पाहिलेलं नाही.

“बाई, गाडी बंद पडायच्या आधी मागच्या सीटजवळचा पंखा मोठ्याने ओरडायचा का? चार्जच्या पट्ट्या उगाच वर-खाली पळायच्या?”

“नाही हो. मस्त चालत होती.”

“मग उभी किती दिवस होती?”

“तीन आठवडे. लेकीच्या बाळंतपणाला गेले होते.”

“मोठी बॅटरी ठणठणीत आहे,” हे गाडीतून उतरत म्हणाले. “हिला एक छोटी बॅटरीपण असते, साध्या गाडीसारखी. तीच मोठीला जागं करते. ती उभ्या-उभ्या उतरली. दरवानच झोपला तर मालकाला कोण उठवणार? आणि छोटी अर्धपोटी असली की लॅपटॉपला काहीबाही बरळते.”

छोटीला मीटर लावला. बाराच्या जागी जेमतेम नऊ व्होल्ट. लॅपटॉपवाल्याने दुसरी बॅटरी आणून जोडली. ह्यांनी पुन्हा बटण दाबलं. सगळे कान देऊन उभे. काहीच आवाज नाही.

“झाली चालू,” हे म्हणाले.

“कुठे?” मालक चाकापुढे वाकून बघायला लागले.

“हिरवा दिवा लागलाय. बाजूला व्हा.” आणि गाडी चकार शब्द न काढता पुढे सरकली. मालकांनी जी उडी मारली, ती त्यांच्या पोटाकडे बघता कौतुकास्पद होती. बाकी सगळे कान टवकारून उभे राहिले आणि गाडी चालू झाल्याचं आधी कळलं ते एका बहिऱ्याला! अभिमानाने माझा ऊर भरून आला. आजही येतो.

“वा!” मालकांनी ह्यांच्या पाठीवर थाप मारली. “कान तो कान! हायब्रीडचंपण ऐकतो!”

इथे गप्प बसायचं होतं. पण हे म्हणाले, “माझा कान नाही, मालक. मला काही ऐकू आलं नाही. दोन वर्षं येत नाही. टकटक हिने ऐकली.”

दोन वर्षं जपलेली मूठ ह्यांनी भर गॅरेजात उघडली.

“मग त्यात काय?” नर्सबाई म्हणाल्या. “नाडी आम्ही मोजून सांगतो. म्हणून निदान डॉक्टरचं नसतं का?”

मालक केबिनमध्ये गेले. मी ह्यांना बाजूला घेतलं. “कशाला बोललात? जिंकला होतात ना?”

“तुझे कान किती दिवस माझ्या नावावर खपवू?” एवढंच म्हणून ह्यांनी डबा उघडला आणि पोटभर जेवले.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन गेले तेव्हा फाटकाजवळ दोन स्टुलं होती.

“मालकांनी सांगितलं,” लॅपटॉपवाला माझ्याकडे बघत म्हणाला, “पार्ट्सच्या खिडकीतलं स्टूल इकडे आणून ठेव.”

तेवढ्यात फाटकातून एक गाडी लोटत आणली. हे उठले, आपलं एकतीस वर्षांचं स्टूल खिशातल्या फडक्याने पुसलं, आणि सरकून उजवीकडच्या नव्या स्टुलावर बसले, म्हणजे माझ्या बाजूला ह्यांचा डावा कान येईल.