भरदुपारची हडळ

माझ्या पिक्चरमध्ये खरी हडळ आहे, असं मी सदतीस वर्षं सांगत आलो. उगाच थापा मारणारा माणूस मी नाही. बोरीत माणिकराव व्हिडिओवाला म्हटलं की लोक लग्नाच्या शूटिंगचं नंतर बोलतात, आधी हडळीचं विचारतात.

पिक्चरचं नाव ‘बारवेतली सवाशीण’, साल अठ्ठ्याऐंशी. कॅमेरा लग्नांचा, पांढरी साडी मागून आणलेली आणि हडळ म्हणजे माझा दोस्त मुंजाजी. रात्रीच्या सीनला लायटी कुठून आणणार? म्हणून कॅमेऱ्याच्या काचेवर निळा जिलेटीन कागद लावायचा आणि भरदुपारी रात्र करायची. हडळीची पावलं उलटी असतात, त्याची युक्तीही माझीच. मुखवटा डोक्याच्या मागच्या बाजूला बांधायचा, झंपर उलटं घालायचं आणि कॅमेऱ्याकडे पाठ करून मागं मागं चालत यायचं. बघणाऱ्याला वाटतं, बाई समोरून येतेय आणि पावलं तेवढी फिरलेली!

मुंजाजीला मी घसा बसेपर्यंत समजावलं. “चवडा आधी टेक. मान हलवू नको. घाई करू नको, हडळीला कुठं एस्टी धरायची असते?” पण हा गडी बारवेच्या पायऱ्यांवर दोनदा आपटला आणि तिसऱ्यांदा थेट बाभळीच्या काट्यांत बसला. चिडून त्यानं साडी, मुखवटा तिथंच फेकला. आम्ही पलीकडे लिंबाखाली भाकरी खायला बसलो आणि मी, शहाणा, कॅमेरा बंद करायचा विसरलो.

परत आलो तर फेकलेली साडी पायरीवर व्यवस्थित घडी घालून ठेवलेली. संध्याकाळी घरी कॅसेट लावली आणि अंगावर काटा आला. पांढऱ्या साडीतली बाई उलट्या पावलांनी एकेक पायरी चढत वर येते, कॅमेऱ्यापुढं थांबते आणि तशीच खाली उतरते. चाळीस सेकंद. मुंजाजी तर तेव्हा माझ्यासमोर बसून काटे काढून घेत होता!

मग काय! कॅसेट जिंतूरला गेली, पूर्णेला गेली, परभणीत तर भाड्याचे व्हीसीआर लावून लोकांनी पाहिली. माझी सगळी स्टोरी पुढं पळवायचे आणि तेवढी चाळीस सेकंदं बघायचे. वाईट वाटायचं, खोटं कशाला बोलू. पण नाव तर झालं. बारवेकडं मात्र कुणी फिरकेना.

गेल्या महिन्यात परभणीच्या कॉलेजातली राजनंदिनी आली. तिनं कॅसेटची बुरशी पुसून पिक्चर कॉम्प्युटरवर उतरवला आणि रविवारी सकाळी अकराला इथल्याच सभागृहात दाखवायचं ठरवलं. बॅनरवर माझा फोटो आणि खाली, ‘खरी हडळ असलेला चित्रपट’. मी नवा सदरा शिवून घेतला.

शनिवारी सत्यशीला मॅडम घरी आल्या. आमच्याच गावच्या, मुख्याध्यापिका होऊन गेल्या वर्षी इथं बदलून आलेल्या. बारवेजवळच्या खोलीत त्यांनी पोरींसाठी अभ्यासिका काढलीय. चहाचा घोट घेऊन म्हणाल्या, “माणिकभाऊ, ती हडळ मी हाय.”

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

“काहीतरीच काय मॅडम!”

“साडीची घडी आठवती का? कपडा तसाच टाकला तर माय बडवायची. हाताला सवयच पडली.”

सदतीस वर्षांत एकानंही विचारलं नव्हतं, की हडळ घडी कशाला घालेल. मीही नाही.

“दहावी झालती माझी. घरात कलकल लय, म्हणून बारवेत खालच्या पायरीवर, कमानीच्या आड वाचत बसायचे. तुमी जेवायला गेले अन् मला खोडी सुचली.” आता त्यांना हसू आलं. “मग कुणी तिकडं येईचना. दोन वरीस अख्खी बारव माझी. बारावीला केंद्रात पहिली आले ते तुमच्या पिक्चरमुळं!”

“मग आता कशाला उकरून काढायलाव?”

“अभ्यासिकेत चाळीस खुर्च्या अन् पोरी तीन. आया धाडतच न्हाईत, म्हणे तिकडं हडळ हाय. माझीच हडळ माझ्या पोरींना आडवी यायली. उद्या समद्यांसमोर सांगणार हाय मी.”

“सोमवारी सांगा की!”

“समदं गाव एका जागी परत कवा बसतंय?”

मला त्यांचा भयंकर राग आला. हडळ काढून घेतली तर माझ्या पिक्चरमध्ये उरतं काय? मुंजाजी आणि काटे! रात्रभर या कुशीवरून त्या कुशीवर होत राहिलो.

रविवारी सभागृह गच्च भरलं. मुंजाजीवर लोक पोट धरून हसले, चाळीस सेकंदांना चिडीचूप झाले. दिवे लागताच मॅडम उठल्या आणि सांगून टाकलं. कुणाचा विश्वास बसेना. म्हातारी कडूबाई म्हणाली, “पोरींसाठी खोटं बोलायल्यात मॅडम.”

मॅडम दारापर्यंत गेल्या. आमच्याकडे पाठ केली, पदर डोक्यावरून घेतला आणि खुर्च्यांमधून मागं मागं चालत आल्या. वय बावन्न, गुडघे दुखणारे, पण मान तसूभर हलली नाही. पुढच्या रांगेतली दोन पोरं रडायला लागली.

“अगं बया, हीच ती!” कडूबाई ओरडली आणि सभागृहात टाळ्यांचा कडकडाट झाला. मी खाली मान घालून बसलो. संपलं माझं.

राजनंदिनीनं माइक पुढं केला. “मॅडम, असं चालायला शिकवलं कुणी?”

“ह्यांनी,” मॅडमनी माझ्याकडं बोट दाखवलं. “चवडा आधी टेक, मान हलवू नको, घाई करू नको, हडळीला कुठं एस्टी धरायची असते. मुंजाजीभाऊला सांगायलते अन् मी खाली ऐकत बसले होते. त्यांनी ऐकलं न्हाई, मी ऐकलं.”

मी मान वर केली. आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम मी केलं आणि सदतीस वर्षं एका भुताला त्याचं श्रेय देत राहिलो!

पिक्चरला आता नव्या पाट्या लागल्यात. हडळ : सत्यशीला. काट्यात पडणारा : मुंजाजी. तो माझ्याशी बोलत नाही.

अभ्यासिकेत अकरा पोरी झाल्या. पण परवा गावातली पोरं तक्रार घेऊन आली. बारवेवर क्रिकेट खेळायला गेलो तर भरदुपारी हडळी निघतात, तीन-तीन, चार-चार! मी मॅडमना फोन लावला.

“परीक्षेपर्यंत असू द्या,” त्या म्हणाल्या. “शांतता लागती पोरींना. पण दोघी-तिघी टाच आधी टेकवायल्यात. जरा येऊन बघता का?”

मी चपला घातल्या आणि निघालो.