एकसष्टाव्या पानावरचं वाक्य

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी, एकसष्टाव्या पानावर खालून चौथ्या ओळीत, तिला स्वतःचं वाक्य छापलेलं दिसलं.

ओळीखाली धरलेली लाकडी पट्टी तिने पुढे सरकवली नाही. वाक्य पुन्हा वाचलं, मग एकेक अक्षर सुटं करून वाचलं. जुळणीत एकही चूक नव्हती.

‘ज्याचे अक्षर वर्षानुवर्षे पाहिले, त्याचा चेहरा मात्र पाहायला मिळाला नाही, एवढी एकच खंत त्या नकलनविसाला असावी.’

पुस्तक होतं इंग्रजी साहित्याचा इतिहास, मध्ययुगापासून प्रबोधनकाळापर्यंत. चारशे बारा पानं. लेखक म्हणजे सर. आयुष्यभर महाविद्यालयात हाच विषय शिकवून निवृत्त झालेले, अकरा तासांच्या प्रवासाएवढ्या लांबच्या शहरात राहणारे. आणि ती प्रकाशनसंस्थेची मुद्रितशोधक. छापण्याआधी पान न् पान वाचायचं, चुका लाल पेनाने दुरुस्त करायच्या आणि शंका असेल तर समासात पेन्सिलीने लेखकाला विचारायची. बावीस वर्षांत तिने कोणाच्याही पुस्तकात पदरचा एक शब्द घातला नव्हता. आता सरांच्या नावाखाली तिचे सोळा शब्द जाऊन बसले होते.

प्रकरणही नेमकं नकलनविसांचं. छापखाना यायच्या आधी मठांच्या गार खोल्यांतून पोथ्यांच्या नकला करत बसणारी माणसं. सरांनी लिहिलं होतं की ही माणसं अधूनमधून समासात आपलं गाऱ्हाणं मांडत. शाई पातळ आहे, बोटं गारठली, दिवस संपता संपत नाही. पुढचा नकलनवीस कधीकधी ते गाऱ्हाणंही ग्रंथातलंच समजून पोथीत उतरवून घेई, आणि मग शे-दोनशे वर्षांनी ते कोणाचं हे ब्रह्मदेवालाही सांगता येत नसे.

ती पान घेऊन जुळाऱ्याच्या टेबलाशी गेली. शिशाचे खिळे जुळवण्याचे दिवस कधीच सरले होते, आता तो संगणकावर पानं लावायचा. पण नाव जुळारीच राहिलं होतं.

“हे कुठून आलं?”

जुळाऱ्याने चष्मा कपाळावर चढवला, पान नाकाजवळ नेलं.

“तुमच्याच हातचं आहे, ताई. ओळीत हंसपद काढलंय, शेजारी वाक्य लिहिलंय. घातलं.”

“हंसपद वरच्या ओळीसाठी होतं. तिथे ‘मठातील’ हा शब्द राहिला होता.”

“तोही घातला की.”

“हे पेन्सिलीत होतं. दुरुस्ती लाल असते, पेन्सिल म्हणजे शंका. एवढं कळत नाही?”

“पेन्सिल तुम्ही खोडूनच कागद देता. खोडली नाही म्हणजे ठेवायची असणार.” त्याने पान परत दिलं. “आपलं काम माशीला माशी. कागदावर मेलेली माशी असली तर मी माशी छापतो. ‘डोकं चालवू नकोस, दिसतंय ते उतरव,’ हे मला कोणी सांगितलं होतं?”

तिनेच सांगितलं होतं. पंधरा वर्षांपूर्वी, याच टेबलाशी, दहा माणसांच्या देखत.

तिला तीन आठवड्यांपूर्वीचा तो शुक्रवार आठवला. दुसरी प्रुफं संपत आली होती. ते वाक्य तिने लिहिलं ते खोडण्यासाठीच; असं ती करत असे. लिहायचं, पान संपेपर्यंत तसंच ठेवायचं, मग खोडरबर फिरवून भुगा फुंकून टाकायचा. तेवढ्यात भावाचा फोन आला, वहिनी न्हाणीघरात घसरून पडली, मनगट गेलं. ती होती तशी उठून दवाखान्यात धावली. संध्याकाळी जुळाऱ्याने टेबलावरचा गठ्ठा उचलला.

“काढून टाकू का? एक बटण दाबलं की गेलं.”

“सरांकडे तिसरी प्रुफं गेली त्यातही आहे हे?”

“असणारच. सरांचे डोळे गेलेत म्हटल्यावर मालकांनी मोठ्या अक्षरात छापून परस्पर पाठवली, तुमच्या नजरेखालून न जाता. आजच परत यायचीत.” जुळारी थोडा वरमला. “फार घोळ झालाय का, ताई?”

“थांब. सरांची प्रत येऊ दे.”

ती जागेवर येऊन बसली. बासष्टावं पान समोर घेतलं आणि वीस मिनिटं त्याच्या पहिल्याच ओळीवर पट्टी धरून राहिली.

सरांचं पहिलं पुस्तक तिच्याकडे आलं त्याला एकोणीस वर्षं झाली होती. तेव्हा तिने समासात विचारलं होतं, ‘नाट्यगृहे बंद पडल्याचे साल तपासावे.’ सरांचं उत्तर हिरव्या शाईत आलं. ‘चुकलेच होते. आभार. आपण कोण?’ तिने पेन्सिलीने लिहिलं, ‘मुद्रितशोधक.’ पुढच्या खेपेला त्याखाली हिरवी ओळ होती. ‘ते कळले होते.’

दोघांत बोलणं झालं ते एवढ्याच वाटेने. थोरल्या मालकांनी घालून दिलेला दंडक होता की लेखकाने आणि मुद्रितशोधकाने फोनवर बोलायचं नाही. तोंडी दुरुस्ती ही दुरुस्ती नव्हे. जे असेल ते कागदावर. थोरले मालक गेले, दंडक राहिला. सात पुस्तकं झाली. सर लिहीत, ‘सकाळपासून वीज नाही, खिडकीत बसून तपासतो आहे, अक्षर वाकडे आल्यास क्षमा.’ ती लिही, ‘इकडेही नाही.’ एका पुस्तकाच्या मध्यावर हिरव्या शाईत आलं, ‘दोन महिने काम थांबले. कारण घरचे होते.’ सरांच्या पत्नी गेल्याचं तिला नंतर मालकांकडून कळलं. तिने त्या ओळीखाली पेन्सिलीचं टोक टेकवलं होतं, त्याचा एक ठिपका उमटला, तो मात्र तिने खोडला नाही.

पुस्तक छापून आलं की सहा महिन्यांनी त्याची प्रुफं रद्दीत जात. हाही दंडकच. तिच्या घरी सरांच्या अक्षराचा एक चिटोराही नव्हता.

दुपारी पाऊण वाजता पार्सल आलं. गठ्ठ्यावर टाचणीने एक चिठ्ठी लावलेली होती, गोल, टापटीप अक्षरात.

‘बाबांना आता छापील वाचता येत नाही. मी वाचून दाखवते आणि ते सांगतात तशा खुणा करते. समजून घ्यावे. त्यांची सून.’

तिने पानं उलटली. प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात हिरव्या शाईची बरोबरची खूण होती, पण ती सुनेच्या हातची. एका मापाची, एका कोनात, दुकानातल्या शिक्क्यासारखी. चाळीस. बावन्न. साठ.

एकसष्टाव्या पानावर ती खूण नव्हती. खालून चौथ्या ओळीत एक मोठं, हलतं हंसपद होतं, ओळीच्या जरा बाहेरच घसरलेलं. त्याच्या वर, दोन ओळींवर पसरून, डोळे मिटून लिहावा तसा एक शब्द.

‘अजून’.

‘र’सारखा दिसणारा त्यांचा ‘अ’ तिने जगात कुठेही ओळखला असता.

तिने लाकडी पट्टी ओळीखाली लावली आणि वाक्य दुरुस्तीसह वाचलं. त्याचा चेहरा मात्र अजून पाहायला मिळाला नाही. मग गठ्ठा मिटला, पाण्याचं भांडं भरून आणलं आणि न पिताच ठेवलं.

तीन वाजता फोन वाजला. मालक बँकेत गेले होते, जुळाऱ्याच्या कानात गाणी होती. तिनेच उचलला.

“मी बोलतेय, सरांची सून. प्रुफं पोचली का हो?”

“पोचली.”

“हुश्श. कुरियरवाल्याने दोन दिवस घोळवलं. बरं, एक विचारायचं होतं. एकसष्टाव्या पानावर बाबांनी स्वतः लिहिलंय, ते लागतंय का तुम्हाला? मी म्हटलं मी लिहिते, तर ऐकेनात. पेन हिसकावूनच घेतलं म्हणा ना.”

“लागतंय.”

“मला आपली शंका आली म्हणून. मी हस्तलिखित पडताळून वाचत होते ना, तर ते वाक्य हस्तलिखितात नाहीच. मी म्हटलं, बाबा, हे यांनी कुठून घातलं, काढायला सांगू? तर म्हणाले, परत वाच. परत वाचलं. म्हणाले, परत. तीनदा वाचलं हो! चहा गार झाला माझा.” ती हसली. “मग म्हणाले, राहू दे, फक्त एक शब्द राहिलाय. तुम्ही कोण बोलताय?”

तिने फोनची तार बोटाभोवती गुंडाळली, सोडली.

“मुद्रितशोधक.”

“अगं बाई! म्हणजे पेन्सिलवाल्या तुम्हीच? मी प्रुफं वाचायला बसले की बाबा आधी विचारतात, पेन्सिलीचं काय लिहिलंय ते सांग. या खेपेला काहीच नव्हतं, तर म्हणाले, बरी आहे ना ती?”

“माझ्याकडे आलीच नव्हती ही प्रत. थेट तुमच्याकडे गेली.”

“सांगते त्यांना. आत्ता झोपलेत. दोन दिवसांनी डोळ्याचं ऑपरेशन आहे, एकाच डोळ्याचं, त्याचीही डॉक्टर खात्री देत नाहीत. आणि प्रकाशनाच्या कार्यक्रमाला यायचं खूळ घेतलंय. एवढा प्रवास, या वयात. आधीच्या सगळ्या पुस्तकांना बोलावलं तर कधी आले नाहीत, आणि आता हट्ट. डॉक्टर काय म्हणतात त्यावर आहे. शुक्रवारी कळवते तुमच्या मालकांना.”

फोन ठेवल्यावर तिला जाणवलं की एकोणीस वर्षांचा दंडक मोडला होता आणि छत काही कोसळलं नव्हतं.

पाच वाजता मालक आले. आल्या आल्या घड्याळाकडे बघत म्हणाले, “बाई, छापखाना डोक्यावर बसलाय. तुमच्याकडून मोकळं झालं का सगळं?”

हीच वेळ होती. वाक्य लेखकाचं नाही, असं आत्ता तिने म्हणायला हवं होतं. दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात असं काही सापडतं तर तिने छपाई थांबवली असती. एकदा थांबवलीही होती, आणि वाक्य घुसवणाऱ्या त्या सहकारी मुद्रितशोधकाला तीन महिन्यांत दुसरी नोकरी शोधावी लागली होती.

“एकसष्टावर एक शब्द घालायचा आहे,” ती म्हणाली. “लेखकाची दुरुस्ती आहे. बाकी मोकळं.”

जुळाऱ्याने ते पान पडद्यावर आणलं. ती त्याच्या खांद्यामागे उभी राहिली. तो वाक्य पुटपुटत वाचू लागला आणि थांबला.

“ताई, हा नकलनवीस मरून सहाशे वर्षं झाली ना?”

“झाली.”

“मग ‘अजून’ कसं? मेलेला माणूस अजून वाट बघतोय होय? सरांना विचारा बरं समासात. एरवी तुम्ही काना-वेलांटी सोडत नाही.”

“माशीला माशी,” ती म्हणाली. “घाल.”

जुळाऱ्याने मान वळवून तिच्याकडे बघितलं. मग पडद्याकडे वळून त्याने शब्द घातला, आणि ओळ आपोआप सरकून खालच्या ओळीत गेली.

बुधवारी पानं छापखान्यात गेली. गुरुवारी दुपारी मालकांनी सहज विचारावं तसं विचारलं, की अकरा तारखेच्या कार्यक्रमाला बाई येणार का. दर वेळी विचारत, दर वेळी ती तेच सांगे. मुद्रितशोधकाने समोर बसू नये, भाषणापेक्षा मागच्या फलकावरच्या चुका जास्त दिसतात. या वेळी ती म्हणाली, “येईन.” मालक पुढचं वाक्य विसरले.

घरी वहिनीने गळ्यात अडकवलेला प्लास्टरचा हात सावरत तिला निरखलं.

“वन्सं, बावीस वर्षांत पहिल्यांदा कार्यक्रमाला जाताय. कोण बोलणार आहे एवढं?”

“कोणी नाही. पुस्तक माझ्या हातून गेलंय.”

“ती तर सगळीच जातात तुमच्या हातून,” वहिनी म्हणाली. जेवताना म्हणाली की ती निळी साडी चांगली दिसते, तिला इस्त्री लागेल.

शुक्रवारी साडेचार वाजता निमंत्रणपत्रिकेचं प्रुफ टेबलावर आलं. एकच कागद, नऊ ओळी. तिने पट्टी लावली. तारीख बरोबर, वेळ बरोबर, सभागृहाच्या नावात एक वेलांटी दीर्घ झाली होती, ती लाल पेनाने दुरुस्त केली. सातवी ओळ होती, ‘या प्रसंगी लेखक उपस्थित राहतील.’

सुनेचा फोन आला नव्हता. ऑपरेशन काल झालं असणार. ते कसं झालं, डॉक्टर काय म्हणाले, यातलं काही कळलं नव्हतं. खात्री नसलेल्या विधानापुढे समासात प्रश्नचिन्ह करायचं, हा तिचा पहिल्या दिवसापासूनचा शिरस्ता. तिने पेन्सिल उचलली, टोक पाहिलं, ठीक होतं.

जुळारी दप्तर आवरत दारातून डोकावला.

“ताई, पत्रिका झाली? छापखान्याचा माणूस खाली उभाय.”

“झाली.”

तिने कागद त्याच्या हातात दिला. सातव्या ओळीपुढचा समास कोरा होता. सहा वाजता मालकांनी फोन उचलून तो चालू आहे की नाही ते पाहिलं आणि पुन्हा ठेवला. तोपर्यंत तो वाजलेला नव्हता.