मुकुटाच्या मापाची काच

काळ्या शाईची ती रेघ मोटारसायकलच्या पुढच्या काचेच्या वरच्या कडेपासून दीड वीत खाली होती, आणि पोंभुर्णा सोडल्यापासून वारलूची नजर तिच्यावरच अडकून बसली होती — रस्ता रेघेच्या खाली, आभाळ वर, आणि मोहाची झाडं अर्धी इकडे, अर्धी तिकडे. मोहसीननं काल मार्करनं ओढली ती. ओढली तेव्हा सरळच होती, पण मोटारसायकल वेगात आली की थरथरायला लागायची. काच म्हणायची ती सवयीनं; होतं ते जाड प्लास्टिक, हँडलला दोन पट्ट्यांनी कसलेलं, आणि इतक्या हिवाळ्यांच्या धुळीनं ओरखडून ताकासारखं पांढुरकं झालेलं. सकाळचं ऊन तिरपं समोरून आलं की सगळे ओरखडे एकदम चमकायचे, आणि मग पुढे बैल उभा आहे की नुसती सावली, हे वारलूला जवळ गेल्याशिवाय कळत नसे.

रेघेच्या वरचं आज कापायचं होतं. मूल गावात, बसस्टँडमागे, मोहसीनच्या गॅरेजात.

कापायलाच हवं होतं, त्यात काही वाद नव्हता. मागच्या आठवड्यात सिंदेवाहीच्या अलीकडे बांबूचा ट्रक बाजूनं गेला, त्याच्या वाऱ्यानं काचेचं एवढं मोठं पान धरलं आणि हँडल असं काही पिळवटलं की गाडी डांबर सोडून थेट धानाच्या बांधापर्यंत गेली. वारलू पडला नाही. पण ही बातमी तो घरी पोचायच्या आधी चंद्रपूरला पोचली होती — आचलला, त्याच्या एकुलत्या एका मुलीला. नर्स आहे ती. दिवसभर हातपाय मोडलेली माणसं बघून तिचा आवाज अलीकडे डॉक्टरासारखा झाला आहे. फोनवर ती रागावली नाही, हेच वाईट.

"बाबा, काच कापून घ्या, नाई तं चाबी माह्यापाशी द्या," ती म्हणाली होती. "मंग एसटीनं जा वडशाले."

एसटीनं! वारलू झाडीपट्टीच्या नाटकात ऑर्गन वाजवतो. धान कापून झालं की वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव निघतात, शेतात मंडप पडतो, आणि पोंभुर्ण्याचा ऑर्गनवाला एसटीच्या भरवशावर राहिला तर तो पोचेपर्यंत नांदीच काय, नायिकेचं लग्नही लागून गेलेलं असेल. गाडी गेली की हिवाळा गेला, आणि हिवाळा गेला की मग वारलूजवळ उरतं काय... तलावावरची भावाची जाळी, ओसरीवरची खाट, आणि शेजाऱ्यांच्या टीव्हीचा आवाज.

तेव्हा कापायचं. मोहसीननं तर कधीचं सांगितलं होतं. काच नव्हती तेव्हा टाकी भरली की वडशाला जाऊन येऊन वर बाजारहाट व्हायचा. आता परतताना सिंदेवाहीलाच गाडी रिझर्व्हला लागते. इंजिनाचा दोष नाही म्हणे. "वारलूभाऊ, तुमी गाडी नाई, कवाड उभं करून फिरून राह्यले," असं मोहसीन म्हणाला, आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूश होऊन त्यानं ते दुकानातल्या गिऱ्हाइकालाही ऐकवलं. काच कशी हवी, तर नजर तिच्या कडेवरून जायला हवी आणि वारा छातीवरून. ही तर डोक्याच्याही वर वीतभर. एवढी उंच काच बनवली कोणी, असं त्यानं विचारलं.

कोणी म्हणजे... राणीनं.

गोकुळा, त्याची बायको, त्याच कंपनीत काम करायची; ती वारलूपेक्षा उंच होती, आणि मागची सीट पुढच्यापेक्षा वर; त्यामुळे दोघं गाडीवर निघाली की वारलूच्या टोपीवरून तिला अख्खा रस्ता दिसायचा, आणि अख्खा वारा तिच्या तोंडात जायचा. नाटक संपवून पहाटे घरी यायचं, धुक्यातून, कारण आचल लहान होती, शेजारणीकडे झोपलेली असायची. घरी येईपर्यंत गोकुळाचा गळा बसायचा. लवंग झाली, ज्येष्ठमध झालं, मफलरचे तीन वेढे झाले. त्या वर्षी तिला राणीची भूमिका मिळाली होती, चार पदांची, आणि कंपनीचा मालक आडून आडून म्हणायला लागला होता की दुसरी एक पोरगी बघून ठेवलेली बरी. तेव्हा वारलूनं वडशात पाट्या बनवणाऱ्याकडून प्लास्टिकचं पान घ्यायचं ठरवलं. माप घ्यायला वेळ मिळाला तो नेमका रंगीत तालमीच्या दिवशी. गोकुळा तशीच बाहेर आली — भरजरी शालू, उंच अंबाडा, त्यावर पुठ्ठ्याचा सोनेरी मुकुट — आणि भर बाजारात मोटारसायकलीवर बसली. धानाची पोती उतरवणारे हमाल काम सोडून उभे राहिले. वारलू आपला गंभीर, डोळा बारीक करून पुढे धरलेल्या पानावर तिच्या डोक्याच्या बरोबरीनं खडूची खूण करतोय. सूर लावायला बसल्यासारखा नीट, मन लावून... आणि खूण केली मुकुटाच्या टोकाला!

दुसऱ्या दिवशी काच बसली, गोकुळा साधी वेणी घालून मागं बसली, तेव्हा घोळ कळला. ती वैनगंगेच्या पुलापासून जी हसत सुटली ती ब्रह्मपुरी येईपर्यंत. तो म्हणाला, परत जाऊन कापून आणतो.

"राहू द्या ना," ती म्हणाली. "राणीच्या मुकुटालेबी हवा नाई लागली पाह्यजे."

आणि राहिली. त्या काचेमागं वारा असा थांबायचा की गोकुळा चालत्या गाडीवर पद म्हणायची, अगदी हळू, आणि वारलूला प्रत्येक सूर कानापाशी ऐकू यायचा. कोमल निषाद किंचित चढा लागला की तो हँडलवरचं एक बोट उचलायचा. ती थांबायची, पुन्हा घ्यायची. सबंध जंगल ओलांडून होईपर्यंत त्यांचं हे चालायचं. कोणी तिसरा त्यात नव्हता, आणि कोणाला सांगावं असं त्यात काही नव्हतंही. वारलूला तर तेव्हा वाटायचं, सगळ्याच ऑर्गनवाल्यांच्या बायका असंच करत असतील.

ती तापानं गेली, पावसाळ्यात. त्या हिवाळ्यात वारलू जाणारच नव्हता. पेटी बंद, गाडीवर चादर. मग एके सकाळी, का कोण जाणे, गाडी काढली, गावाबाहेर आला, जरा वेग धरला... आणि पाठीवर, खांद्यांच्या बरोबर मध्ये, कोणीतरी हात टेकवला. दाबला. ढकललं थोडंसं, माणूस पोराला शाळेच्या दारातून आत लोटतो तेवढं. वारलूनं वळून पाहिलं नाही. तो रडत रडत वडशाला पोचला आणि मालकाला म्हणाला, तारखा सांगा.

तेव्हापासून गाडी वेगात आली की तो हात यायचा. काल, काय लहर आली, त्यानं हे मोहसीनला सांगून टाकलं; गोकुळाचं नाव न घेता, नुसतं पाठीला कायतरी ढकलतं म्हणून. मोहसीन चिंधीला हात पुसत होता. त्याच्या चेहऱ्यावर रोग सापडल्याचा आनंद उमटला.

"मांगं कोनी बसत नाई न तुमच्या, म्हनून," तो म्हणाला. "हवा काचेवरून जाते अन वापस फिरून त्या मांगच्या रिकाम्या जागेत घुसते, तेच ढकलते. काच कापली का बंद होऊन जाईन ते."

आणि मग त्यानं मार्कर शोधला.

गॅरेज आलं. मोहसीननं वारलूच्या तोंडाकडे पाहिलं नाही, पाना घेतला आणि पट्ट्याच सोडवल्या. त्याचं म्हणणं असं पडलं की आधी बिनकाचेची चालवून पाहावी, तलावापर्यंत जाऊन यावं, म्हणजे वारा कुठं लागतो ते कळेल, रेघ बरोबर आहे की अजून खाली घ्यायची तेही ठरेल. काच त्यानं भिंतीला टेकवून ठेवली. करवत काढून बाकावर ठेवली. वारलूला वाटलं आत्ताच सांगावं, नको, राहू दे, मी बघतो आचलचं. पण पाय किकवर होता आणि गाडी सुरू झाली होती.

वारा आधी छातीवर आला. सदऱ्याच्या आत शिरला, डोळ्यांत पाणी आणलं, कानांत नुसता कल्लोळ झाला — यात कोमल निषाद काय ऐकू येणार होता! पण रस्ता... रस्ता धुऊन काढल्यासारखा समोर पडला होता, कापलेल्या धानाची खुंटं, बगळा, मैलाचा दगड, सगळं आपापल्या जागी. हँडल हातात हलकं झालं होतं. ट्रक आला आणि गेला, गाडी जराशी डुलली आणि सरळ झाली. वारलूनं वेग वाढवला, जिथं तो हात यायचा तेवढा. थांबला. म्हणजे गाडी नाही, आतून थांबला. आता येईल... आता...

पाठीवर काही नव्हतं.

काही म्हणजे काहीच नव्हतं; पाठ अगदी निवांत होती. आणि ही निवांत पाठ त्याच्या ओळखीची होती. किती ओळखीची, हे अंगाला आधी कळलं, डोक्याला मागून. पुलावरून येताना, धुक्यात, पद चालू असताना पाठ अशीच तर असायची. कारण मागं ती बसलेली असायची. आणि गोकुळानं उभ्या जन्मात गाडीवर त्याच्या पाठीला हात लावला नव्हता. एक हात मागच्या दांडीला, दुसरा मांडीवरच्या पिशवीवर. गावात लोक बघतात म्हणून, आणि जंगलात सवय म्हणून. मग तो हात तिचा कसा? ती बसायची तेव्हा ढकलणारं कोणी नव्हतं. ती नव्हती म्हणूनच ते ढकलणं होतं. इतके हिवाळे तिच्या नसण्यालाच तो तिचा हात समजून बसला, आणि त्याच्या जोरावर...

पण वाऱ्यानं काय वडशाला नेलं असतं? वाऱ्यानं पेटी उघडली असती, नव्या पोरीला सूर दिला असता, तारखा घेतल्या असत्या? मग जात कोण होतं, आपणच?

वारलूला भीती वाटली, गर्दीत धरलेलं बोट परक्याचं निघावं तशी. आणि त्या भीतीच्या खाली कुठंतरी, लाज वाटावी इतकी, थोडी घमेंडही होती. मोहसीनला काय सांगायचं ते त्याला कळत नव्हतं. रेघेवर काप, की खाली, की तशीच बसव. तलाव केव्हाच मागं पडला होता आणि परत वळायला हवं होतं. तो सीटवर जरासा पुढे सरकला, मागं एका माणसाला नीट बसता येईल इतका, आणि वाऱ्यात मोठ्यानं, स्वतःला ऐकू येईल अशा आवाजात, पहिला सूर लावून पाहू लागला.