टीव्हीवरचा लंगरी

आमच्या मालकांना टीव्ही बघायला न्यायचं म्हनलं की मला घाम फुटायचा. त्या मानसाला तोंड म्हनून आवरत न्हाई.

कामशेतला रतनशेटच्या भाताच्या दुकानात नवाकोरा टीव्ही आलता. रविवारी सांजच्याला मुंबईवाले लढाईची एक गंमत दाखवायचे. चार येंधळे जवान, एक ढेरपोट्या सुभेदार आन त्यांचा लंगरी, म्हंजी पलटनीचा सैपाकी. आमचं गाव तितनं हाकेवर. निम्मा गाव पोत्यांवर बसून खिदळायचा.

आमचे मालक श्रीपती, पलटनीतनं पेन्शनीवर आलेले. गाव समजायचं, ह्यांनी मशिनगन चालवली. पायानं लंगडत्यात, मंग गोळीच लागली असंल, असं ज्यानं त्यानं आपलं आपन ठरवलं. गोळी कसली डोंबलाची! पायावर उकळत्या तेलाची कढई आलती. ह्ये पलटनीत लंगरी होते. ह्यांनी कवा खोटं सांगितलं न्हाई, कुनी कवा इचारलं न्हाई, आन मी बी म्हनलं, आसूं द्या, आपलं काय जातंय.

त्यात औंदा सरपंच बाजीरावांनी ठरवलं, पंधरा ऑगस्टला शाळंतल्या झेंड्याची दोरी श्रीपतीनं वढायची. "मशिनगनवाला गडी हाय, गावाची शान हाय," म्हनाले. आमी छप्पन साली बौद्ध झालो, पन वरल्या आळीत आजून आमच्या हातचं पानी कुनी घेत न्हाई. तितं आमचा मानूस झेंडा लावनार! माझा सगळा जीव त्या दोरीत आडकलेला.

आन ह्यांचं दर रविवारी सुरू. जवानानं उघड्या डोक्यानं सलाम ठोकला, ह्ये गप. बंदूक उलटी धरली, ह्ये गप. पन त्या लंगऱ्यानं भर उन्हात चूल पेटवली की झालं! "आरं, दिवसाढवळ्या धूर? दुश्मनाला आवतन देतोस व्हय रं? पहाट फुटायच्या आत चूल इझाय पायजे!" मी मांडीला चिमटा काढला तरी आपलं चालूच. लोक हसायचे, "आबा, तुमाला मशिनगनीपरीस चुलीचंच लय ध्यान!"

घरी येताना मी बजावायची, "तोंडाला कुलूप लावा. दोरी हातात येईस्तवर तरी."

"आगं, पन त्यो चुकीचं दाखवतोय."

"दाखवंना का! तुमच्या बापाचं काय जातंय?"

पंधरा तारखंच्या आदल्या रविवारी ह्यांनी खरंच तोंड मिटलं. मला लय बरं वाटलं. टीव्हीवर त्यो लंगरी घोरत पडलेला, कुत्र्यानं सगळ्या रोट्या पळवलेल्या, आन जवान रिकाम्या ताटल्या बडवत, कमरंचे पट्टे आवळत हल्ल्याला निघालेले. दुकानात हसून हसून लोकांच्या पोटात दुखाय लागलं.

कडंला वरल्या आळीच्या कस्तुराबाई बसलेल्या. एकाहत्तरच्या लढाईत त्यांचा हिरामण गेला. वर्दीतली पोरं दिसत्यात म्हनून म्हातारी यायची. हसायची कवाच न्हाई, नुसती बघायची. त्या दिशी ती हळूच म्हनली, "आसंच आसतंय का रं? माझं पोर उपाशीच गेलं का?"

हसनं थांबलं. रतनशेट म्हनाला, "मावशी, गंमत हाय ती. मनाला लावून घिऊ नका."

"गंमत हाय ते कळतंय मला. पन खरं काय आसतंय, ते सांगा की कुनीतरी."

कुनाला ठावं असनार? मी ह्यांच्याकडं बघितलं. चिमटा काढला, जोरात काढला. ह्यांनी माझा हात सावकाश बाजूला केला आन उठून हुबे ऱ्हायले.

"मावशी, ते खोटं हाय," ह्ये म्हनाले. "मी मशिनगन कवा हातात धरली न्हाई. मी लंगरी होतो."

मागनं कुनीतरी फिस्सकन हसलं. ह्यांनी तिकडं बघितलं बी न्हाई.

"हिरामणची पलटन येगळी. त्याच्या ताटात काय पडलं, ते मी बघितलं न्हाई, खोटं सांगनार न्हाई. पन हल्ल्याआदी जवानाला जेवू घातल्याबिगर लंगरी भुईला पाठ टेकत न्हाई. अंधारात पुऱ्या तळायच्या. वर खिशात शंकरपाळ्या भरून द्यायच्या, म्होरं भूक लागली तर म्हनून. मी मुठीमुठीनं दिल्यात, मावशी. त्यातली लय पोरं म्हागारी आली न्हाईत. पन उपाशी कुनी गेलं न्हाई."

"शंकरपाळ्या?" कस्तुराबाईंनी इचारलं.

"व्हय."

म्हातारीनं पदर तोंडाला लावला, उठली आन कुनाशी न बोलता निघून गेली.

वाटंत मी लय बोलले ह्यांना. रडले बी. "झालं समाधान? गेली दोरी! काय अडलं होतं तुमचं?"

"मंग तिला काय सांगायचं हुतं? टीव्ही खरा हाय म्हनून?"

मी पाय आपटत म्होरं निघाले.

दुसऱ्या दिशी बाजीराव आमच्या वट्याशी आले. बसले न्हाईत. "श्रीपती, वाईट वाटून घिऊ नको. लोक म्हंत्यात, झेंड्याला लढलेला मानूस पायजे. सुदुंबऱ्याला एक सुभेदार हायेत, त्यांनाच बोलवावं म्हंतो."

"बोलवा की," ह्ये म्हनाले. मी आत भांडी आपटत होते.

तेवढ्यात कस्तुराबाई आल्या. उभ्या जन्मात त्या आमच्या बौद्धवाड्यात आल्या नव्हत्या. सरळ वट्यावर टेकल्या आन ह्यांना म्हनल्या, "हिरा गेल्यापास्नं मी घरात शंकरपाळ्या केल्या न्हाईत. तू पोरांना देत हुतास तशा मला करून दे."

ह्यांनी कनीक मळली, लाटली, कापली. मी नुसतं चुलीत लाकूड सारत होते, मला हात लावू दिला न्हाई. बाजीराव बिचारे जावं का ऱ्हावं करत तितंच हुबे. ह्यांनी पितळीत गरम शंकरपाळ्या आनून म्होरं ठेवल्या. म्हातारीनं एक उचलली, दातानं तोडता येईना तर तोंडात धरून ठेवली. डोळ्यांतनं पानी गळत होतं आन ती खात होती.

"शालन, पानी दे गं," ती म्हनली.

मी तांब्या आनला. म्हनलं, खाली ठेवावा का कसं? तिनं माझ्या हातातनंच घेतला आन तोंड लावून प्याली.

मंग पदरानं तोंड पुसून ती म्हनली, "बाजीराव, कशाला लांबनं मानूस आनतोस? माझ्या पोरावानी पोरांच्या पोटाची काळजी ज्यानं केली, त्यालाच दोरी दे." आन पितळी त्यांच्याकडं सारली.

बाजीराव पितळीकडं बघत ऱ्हायले. मंग वट्यावर बसले, एक उचलली, चावली. गिळली. पुन्हा हात म्होरं आला आन मधीच थांबला.

मीच पितळी उचलून त्यांच्या म्होरं धरली.

"घ्या की सरपंच," मी म्हनले. "लंगऱ्याच्या हातच्या हायेत."