गळ्यातली डबी

उदगीरच्या मोंढ्यात ज्याचं पेंडीचं दुकान आहे, त्याला उदगीरच्या दवाखान्यात जायची चोरी असते. रांगेत निम्मी आपलीच गिऱ्हाइकं उभी असतात. म्हणून माझ्या नवऱ्याचा, श्रीशैलचा, ताप महिना झाला तरी हटेना आणि तोंड आतून पांढरं पडलं, तेव्हा आम्ही सरळ नांदेड गाठलं. सासऱ्यांना सांगितलं, सरकीचे भाव बघायला चाललोय.

नांदेडला कळलं, एचआयव्ही आहे. माझं रक्तही तपासलं, माझ्यात नव्हता. काही महिन्यांनी पुन्हा बघू म्हणाले. यांच्या हातात मात्र गोळ्यांची बाटली त्याच दिवशी दिली.

"रोज एक, आणि सुरुवात आजच," डॉक्टरबाई म्हणाल्या. "मुहूर्त बघत बसू नका. वेळेत सुरू केल्या तर म्हातारे होईपर्यंत दुकान चालवाल. उशीर केला तर मग आमच्याही हातात काही राहत नाही."

हा आजार आला कुठून, हे मी येताना बसमध्ये विचारलं. हे खिडकीबाहेर बघत राहिले. मला संताप आला, अजूनही येतो. पण भांडायला आधी माणूस जिवंत पाहिजे, म्हणून मी तोंड मिटलं.

खरी अडचण घरी होती. माझे सासरे नागप्पा, ज्यांना सगळे अप्पा म्हणतात, दिवसभर ओसरीवर बसून असतात आणि घरात पाल हलली तरी त्यांना कळतं. मुलाला त्यांनी लहानपणीच दीक्षा देववली. आम्ही लिंगायत, आमच्यात गळ्यातल्या डबीत इष्टलिंग असतं. सकाळी ते तळहातावर घेऊन पूजा होत नाही तोवर पाण्याचा घोटही घ्यायचा नाही. यांनी तो नेम कधी मोडला नाही. बाकीचे बरेच मोडले.

घरी पोचेतो रात्र झाली होती, बाटली मी डाळीच्या डब्यात लपवली. दुसऱ्या दिवशी पूजा झाल्यावर यांच्या हातावर गोळी ठेवली, तोच ओसरीवरून आवाज आला, "काय खायलास रे?"

यांनी गळ्यातली लिंगाची डबी पुढं ओढली. आजोबांच्या वेळची, मोठ्या लिंबाएवढी चांदीची डबी. झाकण उघडून कापडात गुंडाळलेल्या लिंगाशेजारी गोळी ठेवली आणि झाकण लावलं. "हिथं कुणी हात लावणार न्हाई. दुकानात जाऊन घेतो," ते हळूच म्हणाले.

खरंच होतं ते. दुसऱ्याच्या लिंगाला आमच्यात बायकोसुद्धा हात लावत नाही. मला तर त्यांच्या हुशारीचं कौतुकच वाटलं. मग रोज तेच चाललं. मी गोळी द्यायची, त्यांनी पाठ फिरवून डबीत ठेवायची आणि दुकानाला जायचं.

ताप मात्र उतरेना. मी काळजी केली की म्हणायचे, "औषध लागू पडायला टाइम लागतो, अंजू." दोनेक आठवडे मी ते ऐकून घेतलं. मग एका सकाळी पेंडीचं पोतं उचलताना ते जागेवरच कोसळले. शेजारच्या दुकानदाराने जीप काढली.

"लातूर जवळ हाय की, नांदेड कशाला?" अप्पा वाटभर कुरकुरत होते. मी जीप नांदेडकडेच घ्यायला लावली.

रात्र सलाईनवर गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी छातीचा फोटो काढायचा होता. अप्पा तांब्या घेऊन पाणी आणायला गेले होते. सिस्टर म्हणाली, "गळ्यातलं काढा." यांच्यात हात उचलायचं त्राण नव्हतं, तेव्हा मीच काढलं. डबी जड लागली आणि आत काहीतरी खुळखुळलं.

मी उघडली. लिंगाच्या भोवती गोळ्याच गोळ्या होत्या, विभूतीने माखलेल्या. मी दिलेली प्रत्येक गोळी तिथं होती.

फोटो काढून यांना परत कॉटवर आणलं, तेव्हा मी डबी त्यांच्या डोळ्यांपुढं धरली. "हे काय आहे?"

त्यांनी डोळे मिटले. "गिळली की दुखणं माझं झालं, अंजू. तोवर वाटायचं, डॉक्टरांचीच कायतरी चूक झाली असंल."

"मग फेकायच्या होत्या!"

"तू हातानं दिलेल्या. फेकू कशा? म्हणलं, देवाजवळ राहू द्या. त्यो बघंल."

दोन थोबाडीत द्याव्यात असं वाटलं, आणि त्याच वेळी रडूही फुटलं. हे मरणार, आणि मी रोज स्वतःच्या हाताने मदत केली, एवढंच डोक्यात फिरत होतं.

डॉक्टरबाई आल्या तेव्हा मी त्यांना डबी दाखवली. फोटोत टीबी दिसला नव्हता. "अजून वेळ गेलेली नाही," त्या म्हणाल्या, "पण आज गोळी पोटात गेलीच पाहिजे." नवी बाटली माझ्या हातात देऊन त्या पुढच्या कॉटकडे गेल्या.

"पूजा झाली न्हाई," हे पुटपुटले.

मी साडीच्या पदराने विभूती पुसली, कापड सोडलं आणि लिंग त्यांच्या डाव्या तळहातावर ठेवलं. अंघोळ नव्हती, सुया टोचलेल्या होत्या आणि लिंगाला माझा हात लागला होता. त्यांनी नको म्हटलं नाही. ओठ हलवत राहिले, मग कपाळाला लावलं.

मी गोळी काढली तेवढ्यात तांब्या घेऊन अप्पा आले. "कसली गोळी हाय ती?"

यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. सांगू नको.

"एचआयव्हीची," मी म्हणाले. "हिच्याशिवाय हे जगणार न्हाईत, अप्पा. तुमच्या भ्यानं लपवली आणि ही पाळी आली."

अप्पांनी मुलाकडे बघितलं, मग त्याच्या तळहातावरच्या लिंगाकडे, मग माझ्या हाताकडे. तांब्या स्टुलावर ठेवला, धोतराचा सोगा सावरला आणि बाहेर निघून गेले.

हे लहान पोरासारखे रडायला लागले. "अप्पा गेले."

"गेले. पाणी ठेवून गेलेत," मी म्हणाले. "आ करा."

त्यांनी गोळी गिळली. तरी मी त्यांना पुन्हा तोंड उघडायला लावलं आणि जीभ उचलून आत बघितलं.